चालणाऱ्याचा नकाशा चालूनच करावा लागेल

नाशिकच्या पर्यटन ॲपचं, क्यूआर फलकांचं आणि सिंहस्थासाठीच्या वाट-नकाशांचं काम ज्यांच्या टेबलावर आहे त्या सर्व अधिकाऱ्यांस, आणि ते काम कंत्राटाने घेणाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

सीबीएस बसस्थानकावर उतरलेला पाहुणा चालत मेनरोडला येतो, मोबाईलवर 'रामकुंड' टाकतो आणि निळ्या ठिपक्याच्या मागे सराफ बाजारात शिरतो. तिथून पुढे ठिपका त्याच्या ताब्यात राहत नाही. आत्ता या गल्लीत दिसतो, चार पावलांवर शेजारच्या गल्लीत. बाण पाठीमागे वळतो. पाहुणा थांबतो, मागून हॉर्न वाजतो, तो ओट्याला चिकटतो. शेवटी मोबाईल खिशात टाकून दुकानदाराला विचारतो. दुकानदार हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता सांगतो, "उतार धरा, गंगा येईल." गंगा म्हणजे आमची गोदावरी.

आम्ही पाहुण्यांना पायी आणि सायकलवर शहर दाखवतो. नकाशा चुकला की पाहुणा तुमच्या कार्यालयात फोन करत नाही, आम्हाला गाठतो. म्हणून कोणत्या ठिकाणी काय चुकतं आणि का चुकतं हे आम्हाला नेमकं ठाऊक आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. ॲप किती जणांनी उतरवून घेतलं हा आकडा तुमच्या सादरीकरणात असेलच, पण त्यातले किती जण न विचारता पोचले हे कोणी मोजत नाही. ॲपला आमचा विरोध नाही. पायी माणूस म्हणजे हळू चालणारी मोटार, असं धरून ते बनवलं जातं, याला आहे.

आधी त्या ठिपक्याचं. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतं. जुन्या नाशकातल्या कितीतरी गल्ल्या त्याहून अरुंद आहेत. दोन्ही अंगांना वाडे, वर गॅलऱ्या, त्यावर ताडपत्र्या. उपग्रहाचा संदेश थेट यायच्या ऐवजी भिंतींवर आपटून येतो, त्याला जास्त वेळ लागतो. मोबाईल तो वाढीव वेळ म्हणजे वाढीव अंतर समजतो आणि माणसाला पलीकडच्या गल्लीत नेऊन ठेवतो. उपग्रहाच्या नेहमीच्या एल१ वारंवारतेबरोबर एल५ ही दुसरी वारंवारताही घेणाऱ्या मोबाईलमध्ये ही चूक बरीच कमी होते, पण खेड्यावरून पर्वणीला येणाऱ्याच्या हातात तसा मोबाईल असेलच असं नाही. बाणाचं दुखणं वेगळं. तो चुंबकीय होकायंत्रावर चालतो, आणि लोखंडी शटर, विजेची डीपी व ओळीने लावलेल्या मोटारसायकली यांच्या मधोमध उभं राहिल्यावर त्याचं डोकं फिरतं. मोबाईल हवेत आडव्या आठच्या आकड्यासारखा फिरवला की होकायंत्र ताळ्यावर येतं खरं, पण भर सराफ बाजारात कोण फिरवणार?

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये थोडा आणि भिंतीवर जास्त आहे. '३० मीटरनंतर डावीकडे वळा' ही सूचना या भागापुरती बंद करा. तिच्या जागी दिसणारी खूण द्या: पितळी भांड्यांची दुकानं सुरू होतात त्या कोपऱ्यावरून उताराला लागा, दुतोंड्या मारुती दिसला की नदीच्या कडेने चला. आणि प्रत्येक तिठ्यावर गल्लीचं नाव व एक क्रमांक असलेली पाटी लावा. तोच क्रमांक ॲपमध्ये असला की पाहुण्याला ठिपक्याची गरजच पडत नाही. 'मी ओ-१७ पाशी आहे' एवढं त्याला फोनवर सांगता आलं, तर हरवलेली आजी पाच मिनिटांत सापडते.

दुसरं, खुणा चुकीच्या जागी ठोकल्या आहेत. मंदिराची किंवा लेण्याची खूण बहुधा त्या आवाराच्या मध्यावर टाकलेली असते. वाट काढणारं गणित त्या मध्याला सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं, मग तो मागच्या भिंतीकडचा का असेना. काळारामाच्या आवाराला कोट आहे आणि दरवाजे आहेत. चालणाऱ्याला दरवाजा हवा असतो, गाभाऱ्याचे अक्षांश-रेखांश नकोत. पांडवलेणीचंही तेच. लेणी डोंगराच्या अंगावर, पण पायऱ्या सुरू होतात त्या फाळके स्मारकाच्या बाजूने. खूण डोंगरावर टाकली की महामार्गावरून येणारा माणूस भलत्याच अंगाला उतरतो. प्रत्येक ठिकाणाची एक खूण दारावर आणि दुसरी, जिथे चढण असेल तिथे, पहिल्या पायरीवर टाका. आकडे देताना दशांशानंतर पाच अंक द्या. पाच अंक म्हणजे सुमारे एक मीटर, तीन अंक म्हणजे सुमारे ११० मीटर. तीनच अंक दिलेल्या याद्या आम्ही पाहिल्या आहेत, त्यावरून पंचवटीत देव सापडेल, देऊळ नाही.

वेळेचा हिशेबही मोटारीचाच. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरलं तर तरण्याताठ्या माणसाचं बरोबर येतं. डोंगर चालणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की दर १०० मीटर चढाला वर १० मिनिटं धरायची. पांडवलेणीला दोनेकशे पायऱ्या आहेत. नकाशावर ते अंतर एवढंसं दिसतं आणि ॲप चार-पाच मिनिटं सांगून मोकळं होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे वीस मिनिटं आणि मध्ये दोनदा बसायला जागा लागते. पायऱ्या किती, कठडा आहे का, रॅम्प आहे का, सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे, या पाच रकान्यांशिवाय पायी वाटेची नोंद पुरी होत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर या गोष्टींसाठी रकाने तयार आहेत, फुकट आहेत. भरायला माणूस पाठवावा लागतो, एवढंच.

आता नदी. यावर जरा सविस्तर लिहायला हवं.

ॲपच्या लेखी गोदाघाट बारा महिने चोवीस तास उघडी वाट आहे. नाशिककराला ठाऊक आहे की ती तशी नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाट, घाटावरची छोटी देवळं आणि ठेंगणे पूल पाण्याखाली जातात. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर गाव पुराचा अंदाज बांधतं. क्यूसेकचा आकडा वर्तमानपत्रात येतो, मोबाईलवर फिरतो, सगळ्या गावाला कळतो. कळत नाही ते फक्त वाट दाखवणाऱ्या ॲपला. अशा दिवशीही ते पाहुण्याला घाटावरूनच नेतं, कारण ती वाट शंभर-दीडशे मीटरने जवळची पडते. २०२७ च्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत. घाटावरच्या प्रत्येक तुकड्याला 'पूरप्रवण' अशी नोंद आणि ती वाट बंद करण्याचं एक बटण, एवढं काम आहे. ते बटण कंत्राटदाराच्या पुण्या-मुंबईतल्या कार्यालयात नको. विसर्गाची सूचना ज्या नियंत्रण कक्षात आधी पोचते, तिथल्या ड्यूटीवरच्या माणसाच्या हातात हवं.

पूर नसतानाही घाट रोज सारखा नसतो. दर बुधवारी गंगेवर बाजार भरतो. भाजीच्या राशी, सुक्या मिरच्यांची पोती, टोपल्या आणि वर बांबूवर ताणलेली कापडं, त्यांच्या दोऱ्या नेमक्या गळ्याच्या उंचीवर. सायकल तिथून ढकलतसुद्धा नेता येत नाही. बाजार आहे म्हणूनच तिथे जावं असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, पण सायकल अलीकडे लावून. ॲपमध्ये 'बुधवार' हा शब्द कुठेही नाही.

आणि गर्दी. २७ ऑगस्ट २००३ ला, त्या वर्षीच्या सिंहस्थात, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. हे आठवून पुढची ओळ वाचावी: सगळ्यांना सर्वांत जवळची वाट दाखवणारं ॲप सगळ्यांना एकाच गल्लीत पाठवतं. एकट्या माणसासाठी बरोबर असलेलं उत्तर लाखांच्या गर्दीत घातक ठरतं. पर्वणीच्या दिवशी यायची वाट वेगळी आणि जायची वेगळी असते, बॅरिकेड तासातासाला हलतात, शाही मार्ग मोकळा ठेवावा लागतो. हे सगळं पोलिसांच्या आराखड्यात असतं आणि ऐन वेळी त्यातही बदल होतो. तो बदल काही मिनिटांत ॲपमध्ये उतरवायची तयारी असेल तर उत्तम. नसेल तर त्या दिवसांपुरतं पायी मार्गदर्शन सरळ बंद ठेवा आणि त्या जागी एकच चित्र दाखवा: यायच्या वाटा हिरव्या, जायच्या लाल, वाहनतळ, प्रथमोपचार, आणि मोठ्या अक्षरात ११२. चुकीची वाट ठामपणे सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं ॲप परवडलं.

नावांचा गोंधळ वरवर गमतीचा वाटतो, पण त्यात रोज माणसं चुकतात. 'नाशिक बसस्थानक' शोधलं की कोणतं मिळावं? जुनं सीबीएस, ठक्कर बाजार ज्याला लोक नवं सीबीएस म्हणतात ते, मेळा, महामार्ग, निमाणी, नाशिकरोड? प्रत्येकाच्या गाड्या वेगळ्या. 'नाशिक स्टेशन' म्हणजे नाशिकरोड, आणि तिथून पंचवटी चालण्याच्या अंतरावर नाही, नऊ-दहा किलोमीटर आहे, हे रेल्वेतून उतरणाऱ्याला पहिल्या ओळीत सांगायला हवं. गावातले लोक 'गंगेवर' म्हणतात. पाहुणा तेच टाकतो आणि ॲप त्याला काहीच दाखवत नाही. पांडवलेणी, पांडव लेणी, पांडवलेणे, त्रिरश्मी लेणी ही चारही नावं एकाच जागेला जोडलेली हवीत.

त्यातच रोमन लिपीतून उलट मराठीत आणलेली नावं. 'ळ' चा तिथेच 'ल' होतो, मग यांत्रिक आवाज 'कालाराम' म्हणतो आणि गोळे कॉलनीची 'गोले कॉलनी' करतो. रिक्षावाले हसतात, पाहुणा ओशाळतो. आणखी एक किडा आहे, तो तुमच्या संगणकवाल्यांना नेमका दाखवा. 'पायऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. 'ॲ' चंही तसंच, एक अखंड अक्षर किंवा 'अ' वर चंद्र. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो आणि शोध 'सापडलं नाही' म्हणतो. साठवताना आणि शोधताना दोन्ही एकाच रूपात आणले की प्रश्न मिटतो. काम एका दुपारचं आहे.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. पर्वणीला एका टॉवरवर इतके मोबाईल येतात की साधा फोनही लागत नाही, आणि त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या मागच्या अंगाला एरवीही रेंजची खात्री नसते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी प्रदक्षिणेला निघालेली माणसं रात्रभर चालतात. पाऊस, चिखल, बॅटरी संपत आलेली. गूगल मॅप्समध्ये नकाशा आधी उतरवून घेतला तरी नेट नसताना त्यात मोटारीची वाट मिळते, पायी चालण्याची मिळत नाही. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडमध्ये मिळते, कारण ती ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा अख्खा तुकडा मोबाईलमध्येच साठवतात. सरकारी ॲपला हे जमू नये असं त्यात काही नाही. शिवाय ते उघडताना ओटीपी मागू नका. परदेशी सिमवर तो येईलच असं नाही आणि गर्दीत तर देशी सिमवरही येत नाही. नकाशा बघायला नाव, नंबर, संपर्कयादी कशाला हवी? स्थानाची परवानगी 'ॲप वापरत असताना' एवढीच मागा.

क्यूआर फलकांची छपाई कोणी तपासत नाही असं दिसतं. साधा नियम आहे: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या एक दशांश कोडची बाजू हवी. दीड मीटरवरून स्कॅन होणार असेल तर १५ सेंटिमीटर. फलक आठ फुटांवर आणि कोड काडेपेटीएवढा, हे चालत नाही. कोडभोवती त्यातल्याच चार बारीक चौकटींएवढी पांढरी जागा सोडावी लागते. तिथे बोधचिन्हं आणि चेहरे छापले की तो वाचला जात नाही. उघड्यावरच्या फलकाला चुका भरून काढणारी सर्वांत वरची पातळी निवडा, तीत कोडचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतो. गुलाल, चिखल आणि निवडणुकीची पत्रकं यांचा विचार करता ती लागेलच. चकचकीत फ्लेक्स नको, दुपारच्या उन्हात त्यावर आकाशच दिसतं. कोडमध्ये नुसती वेबसाइटची लिंक न ठेवता शेजारी दुसरा कोड द्या, ज्यात थेट अक्षांश-रेखांश असतील. तो नेटशिवायही वाचता येतो. आणि खाली पत्ता अक्षरांत छापा, म्हणजे कोणी वरून भलत्याच कोडचं स्टिकर चिकटवलं तर ते ओळखता येईल.

सायकलवाल्यांचं गाऱ्हाणं जुनं आहे. ॲपवर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली शहरात येऊन गेल्या. वाटा तशाच राहिल्या. २०१७ च्या डिसेंबरात गूगलने भारतात दुचाकीचा पर्याय आणला, आणि सायकलवाला नाइलाजाने तोच दाबतो. पण तो इंजिनाच्या गाडीसाठी आहे. तो सायकलला महामार्गाच्या उड्डाणपुलावर चढवतो, द्वारकेच्या चौकातून मधोमध काढतो. आम्हाला हव्या असलेल्या नोंदी कुठल्याच ॲपमध्ये नाहीत: पावसाळी गटारावरची जाळी कुठे रस्त्याला समांतर आहे (२५-२८ मिलिमीटरचं टायर त्यात सरळ उतरतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो), गतिरोधक कुठे न रंगवलेला आहे, त्र्यंबक रस्त्यावर कडेची पट्टी कुठे तुटते, सोमेश्वरच्या पुढे गंगापूर धरणाकडे जाताना पाणी भरायला नळ कुठे आहे, बाभळीचे काटे कुठल्या कडेला पडतात. द्राक्षांच्या हंगामात क्रेट भरलेले ट्रॅक्टर पहाटेच रस्त्यावर असतात, तेही पाहुण्याला आधी कळायला हवं. आणि उन्हाळ्यात हँडलवर लावलेला काळा मोबाईल दुपारी तापून आधी मंद होतो, मग बंद पडतो. त्यामुळे प्रत्येक सायकल-वाटेची छापील पट्टी हवीच: किलोमीटर, वळण, खूण, पाणी. खिशात मावेल एवढी.

शेवटचं गाऱ्हाणं मालकीचं. कंत्राट संपतं, ॲप अडगळीत जातं आणि गोळा केलेली माहितीही त्याबरोबर जाते. पुढचा येतो आणि परत शून्यापासून तेच चुकीचे आकडे उतरवतो.

म्हणून आम्ही मागतो ते असं.

ॲपच्या पुढच्या आवृत्तीआधी पंचवटी, गोदाघाट आणि जुन्या नाशकातली प्रत्येक पायी वाट माणसाने चालून नोंदवावी: रुंदी, पायऱ्या, उतार, दार, पाणी, स्वच्छतागृह. मोटारीत बसून किंवा उपग्रहाचं चित्र बघून केलेली नोंद स्वीकारू नये.

ही सगळी माहिती खुल्या परवान्याने ओपनस्ट्रीटमॅपवर चढवावी, वाटा जीपीएक्स फाइलच्या (कुठल्याही नकाशा-ॲपमध्ये उघडणाऱ्या वाटेच्या नोंदीच्या) रूपात कोणालाही उतरवून घेता याव्यात, आणि हे कंत्राटाच्या अटींतच लिहावं.

पूर, पर्वणी आणि बुधवार यांसाठी वाट बंद-चालू करण्याचा अधिकार नाशिकमध्ये बसलेल्या, पदनाम जाहीर केलेल्या माणसाकडे असावा.

नेटशिवाय चालणारा नकाशा असावा, ओटीपी नसावा. मराठी नावं मराठीतून घ्यावीत, रोमनमधून उलटी नकोत.

तिठ्यांवर क्रमांकाच्या पाट्या लावाव्यात, आणि नाशिकरोड स्टेशन, सगळी बसस्थानकं व रामकुंड इथे मोठा छापील नकाशा असावा. ज्याच्याकडे मोबाईल नाही किंवा ज्याचा बंद पडला आहे, तोही आपला पाहुणाच आहे.

कंत्राटदाराचं देयक काढण्याआधी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. ती कशी घ्यायची तेही सांगतो. कुठल्याही बुधवारी दुपारी चार वाजता, नाशिकबाहेरची तीन माणसं निवडा. त्यातला एक साठीच्या पुढचा, एक सायकलवाला, एक साधा मोबाईल वापरणारा. तिघांचेही मोबाईल विमान मोडवर टाका. मेनरोडवरून निघायचं, रामकुंड, काळाराम, सीता गुंफा करून ठक्कर बाजारला परत यायचं, कोणालाही न विचारता. दोन तास द्या. मागून चालायला आमची माणसं येतील, पैसे न घेता, वही-पेन घेऊन. तारीख तुम्ही कळवा.

आपले,
नाशिकमध्ये पायी आणि सायकलने फिरणारे व पाहुण्यांना फिरवणारे काही नागरिक